बाबांच्या दुनळीविषयी

नारायण पेठ, पुणे ३०
९ जुलै २००२

चि. सुखदेव यास,

ताईचे आशीर्वाद. (साठी आली तरी तुला चिरंजीवच म्हणणार, तक्रार असेल तर माझ्याआधी जन्मायचे होतेस.) नंदाचे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत.

बाबांची बंदूक म्हणजे गंजके धूड, पोलिसांना देऊन टाक, असे तू फोनवर म्हणालास. मी ऐकणारच होते. पण बाबा गेल्यावर ती कायद्याने आधी कॅम्पातल्या बंदुकीच्या दुकानात जमा करायची होती, आणि तशी मळकट देणे मला पटेना. आमच्या कामाच्या सुशीलाबाईंना नुसती पुसायला सांगितली. अंघोळ करून येते तो बाईंनी हंडे घासावेत तशी चिंच लावून दोन्ही नळ्या घासलेल्या! मी किंचाळले. "ओरडता कशाला? नक्षी निघाली बघा," म्हणाल्या.

आणि खरेच निघाली. कुणीतरी फासलेल्या काळ्या रंगाखालून, टोकापासून बुडापर्यंत, अंगठ्याच्या ठशासारखी वळणे. तुझ्या अक्षताने (आयटीत गेल्यापासून तिचे एकही वाक्य "ॲक्च्युअली"शिवाय सुरू होत नाही) इंटरनेटवर शोधले. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळायच्या, त्यांची वेटोळी घालायची आणि ठोकून नळी करायची. सव्वाशे वर्षांपूर्वी, बर्मिंगहॅममध्ये, कुणीतरी हाताने!

आता दर शुक्रवारी मी तिला दुकानात भेटायला जाते. तिथले म्हातारे मिस्त्री सीतारामजी सांगतात, हिच्यात आजचे काडतूस घातले तर नळी फुटून बोटे जातील. म्हणजे उपयोग एकच, पाहणे. म्हणून परवान्याच्या अर्जात कारणापुढे मी "पाहण्यासाठी" असे लिहिले. ठाण्यातले साहेब म्हणाले, "आजी, बघायला टीव्ही आहे की. स्वसंरक्षण लिहा, सगळे लिहितात." मी म्हटले, ही उडवली तर चोर सुखरूप राहील, मी नाही, आणि खोटे लिहायला मला कॉन्व्हेंटात शिकवलेले नाही.

बाबा तुला शिकारीला नेत आणि तू जीपमध्ये बसून रडत असस. मला बंदुकीच्या कपाटाजवळ उभे राहायचीही बंदी. चौसष्टाव्या वर्षी सीतारामजींनी ती माझ्या हातात दिली. बाहेरच्या अंगाला दोन घोडे आहेत, सशाच्या कानांसारखे. एकेक मागे ओढला. खट्. खट्. तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत इतके नेमके बसलेले काही पाहिले नाही.

असो. मला तिचा मोह नाही. तुला माहीत असावे म्हणून लिहिले.

तुझी,
दुर्गाताई

ता. क. सोबत ना-हरकत पत्र आहे. बंदूक माझ्या नावावर व्हायला दुसऱ्या वारसाची सही लागते. नोटरीसमोर, तिन्ही प्रतींवर. पंधरा दिवसांत आली नाही तर बंदूक सरकारजमा.

ता. क. २. काचेचे कपाट आले आहे. जागेसाठी तुझा आणि नंदाचा लग्नातला फोटो उतरवावा लागला. गैरसमज नसावा.

ता. क. ३. सही करायची नसेल तर वकिलांच्या मते दोघांचा निम्मा-निम्मा हक्क. नळ्या सुदैवाने दोनच आहेत. सीतारामजी कापायला तयार नाहीत, तेव्हा करवत घेऊन तू स्वतः ये. मी दारातच बसलेली असेन.