टपावरचा अंगठा

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून ही वही. फक्त कामाच्या नोंदी. मटेरियल, टेक्निक, तारीख. भावना-बिवना लिहायच्या नाहीत.

सकाळी सत्यशीला वहिनी लोहाऱ्याहून ऑटोने आल्या. मांडीवर वर्तमानपत्राचं गाठोडं. आत त्यांच्या नवऱ्याने, धम्मरत्नने केलेला शकुंतला रेल्वेचा मॉडेल डबा. नॅरोगेज, स्केल एकास पन्नास, प्लास्टिक शीट कापून केलेला, लांबी चोवीस सेंटिमीटर. धम्मरत्न ऑफिसात सव्वीस वर्षं माझ्या हाताखाली नकाशांचा ट्रेसर. मी हेड ड्राफ्ट्समन. रिटायर झाल्यावर दोघं याच टेबलावर मॉडेलं करायचो. गेल्या फेब्रुवारीत तो गेला. हार्ट.

वहिनी म्हणाल्या, सोळा फेब्रुवारीले पहिला स्मृतिदिन आहे, फोटोजवळ ठेवीन म्हणते. त्यायच्या मनासारखा करून द्या भाऊजी, तुमच्याबिगर कोणाले समजते हे.

बरोबर आहे. कोणाला समजतं?

गाठोड्याच्या सुतळीला चौकटी गाठ होती. अगदी माझी पद्धत. म्हणजे शेवटी गाठ मारायला शिकला म्हणायचा. पस्तीस दिवस हातात आहेत. दहा पुरेत.

१३ जानेवारी

डबा तपासला. लाल पेनाने चुकांची यादी केली. एकूण अकरा. पायऱ्या तुटक्या. दरवाजाच्या मुठी गायब. फळ्यांच्या रेघा तर दिसतच नाहीत. किती वेळा सांगितलं होतं, रेघ ठळक हवी. सव्वीस वर्षं त्याच्या प्रत्येक नकाशावर लाल पेन चालवला. त्याच्या भल्यासाठीच.

टपाच्या कोपऱ्याला काळ्या रंगाचा टवका उडालाय, खालून तपकिरी दिसतं. तो गंज. त्याबद्दल एकदाच लिहून विषय संपवतो.

२०२३ च्या गणपतीत प्रदर्शन होतं. धम्मरत्नने डबा गंजका केला होता. रंगाने नाही, खऱ्या गंजाने. शकुंतला बंद पडल्यावर तिच्या रुळांचा गंज खरवडून आणला, खलबत्त्यात कुटला, फेविकॉलच्या पाण्याने चिकटवला. चार महिने लागले त्याला. आता प्रदर्शनात लोक काय म्हणतील? भंगार म्हणतील. म्हणून आदल्या संध्याकाळी तो घरी गेल्यावर मी रंगाचे तीन हात दिले. बाजू मरून रंगाच्या, टप काळा. चकचकीत. पहिलं बक्षीस मिळालं.

धम्मरत्नने डबा पाहिला आणि म्हणाला, नवा झाला साहेब. एवढंच. मी स्वतः कागदात बांधून त्याच्या स्कूटरवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. रोज येणारा माणूस, पाच महिने आला नाही. मग बातमीच आली.

फोन त्यानेच करायला पाहिजे होता. बक्षीस मी मिळवून दिलं होतं.

विषय संपला.

१५ जानेवारी, दुपारी ४

मुठी कापताना ब्लेड अंगठ्याला लागलं. आडवं. किरकोळ. बायको पद्मजा हळद घेऊन धावली आणि म्हणाली, त्या धम्मरत्नभाऊंनी कापून घेतलं तेव्हा त्यांना वेंधळा म्हणाले होते ना तुम्ही? एवढीशी जखम. तीन दिवसांत विसरूनही जाईन.

मुठी आणि पायऱ्या सुपरग्लूने बसवल्या. आता प्रश्न धुळीचा. यवतमाळची धूळ, त्यात जिनिंग मिलकडून उडत येणारी रुई. ओल्या गोंदावर बसली की डब्याला मिशा फुटतात. उपाय काढला. मुलीचा, अनघाचा जुना फिश टँक डब्यावर उलटा घातला. धूळ बसावी म्हणून आत ओलं फडकं, लवकर वाळावं म्हणून आत बल्ब. हे टेक्निक माझं स्वतःचं. यूट्यूबवर कुणाकडे नाही.

१८ जानेवारी

सकाळी टँक उचलला. टपावर अंगठा.

पांढरा. काळ्या टपावर, बरोबर मध्ये. रेषा न् रेषा दिसते, आणि मधून एक आडवी चीर.

धम्मरत्नच्या अंगठ्यावर चीर होती. अठ्ठ्याण्णव साली ट्रेसिंगचा कागद कापताना ब्लेड लागलं होतं. पट्टी मीच बांधली होती. डावा अंगठा की उजवा, आठवत नाही.

पद्मजाला बोलावलं. म्हणाली, तुमचंच बोट लागलं असन. मी म्हटलं, मी ड्राफ्ट्समन आहे. ड्राफ्ट्समन ओल्या कामाला बोट लावत नाही. ती टपाकडे पाहायच्या ऐवजी माझ्याकडेच पाहत राहिली.

फडक्याने पुसलं. जात नाही.

२० जानेवारी

टपाला काळ्याचा एक हात दिला. अंगठा बुजला. एक पायरी निखळली होती, ती पुन्हा चिकटवली. टँक, फडकं, बल्ब. मन शांत आहे.

२२ जानेवारी

आला. तोच. त्याच जागी. नव्या रंगावर.

जुना डाग नव्या रंगातून वर येतो, भिंतीवरची ओल येते तसा. याला शास्त्रीय कारण असणारच. फक्त ते शोधायला आत्ता त्या खोलीत जायचं नाहीये. आज बँकेत काम होतं. नव्हतं, पण निघालं.

२६ जानेवारी

राष्ट्रीय सुट्टी. काम बंद.

२९ जानेवारी

तीन दिवस सुट्टी चालू आहे.

पद्मजाने टेबलासमोरची रिकामी खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवली होती. धम्मरत्न बसायचा ती. मी परत आणली. टेबल डुगडुगतं, त्याला खुर्चीचा आधार लागतो. पद्मजाने टेबल हलवून पाहिलं.

जेवताना कपावर ब्रश ठोकल्याचा आवाज आला. टक टक, टक. धम्मरत्न ब्रश धुतल्यावर असाच तीनदा ठोकायचा. उठून गेलो. खोलीत कोणी नाही. पाण्याच्या कपात ब्रश उभा. पद्मजा म्हणाली, नळ ठिबकते तो, महिना झाला सांगून राह्यली मी.

नळ दुरुस्त केला. आवाज बंद झाला. तरी बरं वाटलं नाही.

३१ जानेवारी

खोलीत बसलो. टपाकडे पाहून म्हटलं, विचारायला पाहिजे होतं. म्हणजे मी विचारायला पाहिजे होतं, असं नाही. विचारता आलं असतं, इतकंच.

आवाज मोठा झाला असावा. पद्मजा दारात आली आणि तिने कुणाशी बोलून राह्यले म्हणून विचारलं. मी म्हटलं, मापं वाचतोय.

२ फेब्रुवारी

आज स्पष्ट बोललो. म्हटलं, तीन हात द्यायला नको होते. एक पुरला असता.

अंगठा तसाच.

मग म्हटलं, एकही नको होता. लोहारा इथून स्कूटरने दहा मिनिटं. पाच महिन्यांत मी दोनदा निघालो होतो. एकदा पेट्रोल भरून परत आलो. एकदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. तू फाटकाशी खुर्ची टाकून बसला होतास. मला वाटलं तू आधी हात करशील.

हे कामाच्या नोंदीत बसत नाही. खोडायचं राहिलं.

४ फेब्रुवारी

मोबाईलचा डिस्प्ले बदलायला खेमसिंगच्या दुकानात गेलो. त्याने बदललेला एक काचेचा तुकडा दाखवला, त्यावर पांढरे ठसे. विचारलं, हे काय? म्हणाला, सुपरग्लू लावून बंद जागी ठेवलं का त्याची वाफ बोटाच्या तेलकट डागावर बसते, साहेब. दिसत नसलेला ठसा पांढरा होऊन वर येते. आमाले रोजचंच आहे. ओल अन् गरमी असली तर अजून झक्कास येते.

म्हणजे ओलं फडकं. बल्ब. बंद टँक.

भूत नाही. शास्त्र आहे! सांगितलंच होतं मी. स्कूटर चालवताना गाणं म्हणत आलो.

५ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. ठसा खरा आहे. बोट खरं आहे. प्रदर्शनानंतर डबा पाच महिने धम्मरत्नकडे होता. त्या पाच महिन्यांत एक दिवस त्याने माझ्या रंगावर अंगठा ठेवला. बरोबर मध्ये. ओझरता लागलेला नाही, दाबून ठेवलेला.

ऑफिसात नकाशा पास झाला की मी खाली सही करायचो. याने अंगठा केला. त्याने रंग पास केला होता! फोन करणार होता, तेवढ्यात हार्ट.

रंगाच्या नव्या हातावरही ठसा कसा आला, हा प्रश्न पद्मजाने काढला. तिला मॉडेलिंगमधलं कळत नाही.

दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. वर्षभरात पहिल्यांदा दुपारी झोप लागली.

९ फेब्रुवारी

बाजूंना मरूनचा आणखी एक हात. खिडक्यांना मास्किंग टेप लावून पांढरी पट्टी. ठशावर वार्निश, कायम राहावा म्हणून. असं मॉडेल जिल्ह्यात झालेलं नाही.

१५ फेब्रुवारी

उद्याचं भाषण पाठ केलं. चार मिनिटं. शेवटचं वाक्य: माझ्या मित्राने जाता जाता माझ्या कामावर आपला अंगठा ठेवला.

पद्मजा म्हणाली, भाषण कायले, नुसते जाऊन बसा ना. तिचाही आवाज जरा भरून आला होता. म्हणजे भाषण जमलंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

लोहाऱ्याला त्यांच्या अंगणात मंडप. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बुद्धवंदना झाली. फोटोजवळ डबा ठेवला. मी उभा राहिलो, भाषण केलं. अंगठ्याचं वाक्य आलं तसे लोक उठून जवळ आले. ऑफिसातले पुंडलिकराव चष्मा काढून डोळे पुसत होते. कुणी मोबाईलवर ठशाचे फोटो काढले. एका म्हाताऱ्या बाईने टपाला हात लावून कपाळाला लावला. मला कृतार्थ वाटत होतं. हा शब्द मी उगाच वापरत नाही.

सत्यशीला वहिनी बराच वेळ डब्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, भाऊजी, जरा आत या, चहा देतो. सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

स्वयंपाकघरात मला पाटावर बसवलं. म्हणाल्या, हात दाखवा. दाखवला. त्यांनी माझा उजवा अंगठा उजेडाकडे वळवला. मध्ये आडवी चीर. पंधरा जानेवारीची. मी खरंच विसरलो होतो. पायऱ्या चिकटवताना मी डबा टपावर अंगठा दाबून धरतो, हेही.

हळू आवाजात म्हणाल्या, त्यायची खूण उभी होती. नखापासून खाली. तीस वर्सं तो हात पायला मी.

मी म्हटलं, पण डबा त्याच्याकडे पाच महिने होता. त्याने कधीतरी हात लावलाच असेल.

वहिनी म्हणाल्या, त्यायनं ते गाठोडं उघडलंच नाही भाऊजी. आलमारीवर ठेवलं होतं. तुमीच बांधलं तसं तुमाले आणून देलं मी. मी म्हणत जाऊ, पाहा तरी. तर म्हणत, साहेब येतीन, त्यायच्यासमोर उघडू. म्हणून संध्याकाळचे फाटकाशी खुर्ची टाकून बसत.

चहा प्यालो. साखर होती की नाही, सांगता येणार नाही.

बाहेर लोक अजून टपाला हात लावत होते. वहिनींनी कुणालाच काही सांगितलं नाही. निघताना डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, त्यायच्या मनासारखा करून द्या म्हटलं होतं मी.

ऑटोत माझा अंगठा पद्मजाने घरापर्यंत मुठीत धरून ठेवला होता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी खेमसिंगकडून डिस्प्ले पुसायचं स्पिरिट आणलं. योजना साधी. माझ्या रंगाचे हात तेवढे काढायचे, खाली त्याचा गंज आहे तसा राहील. टेक्निक: कानाचा कापूस, छोटे गोल, दाब नाही.

११ वाजता टपापासून सुरुवात. आधी अंगठा गेला. मग काळा. मग तपकिरी दिसलं. खरखरीत, रुळासारखं. मी पद्मजाला हाक मारली, ये, ये, सापडला. ती पदराला हात पुसत येईपर्यंत तपकिरीही कापसावर आलं होतं. फेविकॉलच्या पाण्याचा गंज तो. माझा रंग त्याला चिकटून बसला होता, सुटताना घेऊनच सुटला.

दुसऱ्या बाजूने पाहिलं. मग तिसऱ्या. सगळीकडे तेच. कापसाची टोकं आधी मरून, मग तपकिरी.

दुपारी ३. डबा पांढरा. नुसतं प्लास्टिक. गंजाचा कण नाही. चार महिन्यांचं काम होतं त्याचं. आधी मी झाकलं, आज मी पुसलं.

टेबल डुगडुगत नाही. कधीच डुगडुगत नव्हतं. खुर्ची तिथेच राहू दे.

४ वाजता उजेड खिडकीतून आडवा आला तेव्हा रेघा दिसल्या. फळ्यांच्या. सुईने ओढलेल्या, खोल, धारदार. त्यात इतके दिवस माझाच रंग भरलेला होता. पट्टी घेऊन बसलो. एका बाजूला साठ फळ्या. प्रत्येक चार मिलिमीटर. लाल पेन सवयीने हातात आलेला होता. डावीकडून मोजलं, मग उजवीकडून मोजलं. दुसरी बाजूही मोजली.

दुरुस्ती नाही.

सव्वीस वर्षांत त्याच्या एकाही नकाशावर मी हे दोन शब्द लिहिले नव्हते. आज लिहायला नकाशा नाही, म्हणून इथे लिहिले.