शाळेच्या मोटारीचं लायसन

मुरुम, सोमवार
फेब्रुवारी १९४६

प्रिय विरुपाक्ष,

तुझं पत्र आणि सोबतचा कागद, दोन्ही पोहोचले. अक्षर अजून तसंच आहे तुझं, कळपातून सुटलेल्या शेळ्यांसारखं. मी तुला पाटीवर गिरवायला बसवायची तेव्हा आई म्हणायची, "हे पोरगं लिहिणार न्हाय, ढोरं राखणार." आता तू धाराशिवच्या कचेरीत मोटारवाल्यांची तपासणी घेतोस, हातात छडी घेऊन उभा राहतोस. मला हसूही येतं आणि अभिमानही वाटतो.

इथल्या व्यापाऱ्यांनी मिळून मुलींच्या शाळेसाठी मोटार घेतली, हे तुला ठाऊक आहेच. आसपासच्या गावांतून पोरी आणायच्या आणि शाळा सुटली की पोचवायच्या. त्यासाठी जुनं लायसन चालत नाही, नव्यानं इम्तिहान द्यावा लागतो, हे ऐकून तुझे दाजी दोन दिवस तणतणत होते. "सोळा वर्सं मोटार हाकली म्या, आता मला चाक धरायला शिकवणार व्हय?" मग गुपचूप तयारीला लागले. शाळेमागच्या मैदानात दगड मांडून त्यांच्यामधून मोटार मागं घेतात. चढावर थांबवून मागच्या चाकाला टेकवून वीट ठेवतात. मोटार पुढं निघताना ती वीट जागची हलता कामा नये म्हणे. परवापासून एकदाही हललेली नाही.

मालकानं लॉरी विकली तेव्हापासून हा माणूस ओट्यावर बसून होता. कुणी हाक मारली तरी मान वर करायचा नाही. आता गुरुवारी इम्तिहानाला घालायचा सदरा आठ दिवस आधीच घडी करून ठेवलाय. त्यांना असं पाहून मला किती बरं वाटलं ते तुला कसं सांगू.

आता त्या कागदाचं. डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं तू ओळीनं उतरवून पाठवलीस. उर्दू अक्षरं आपल्याला पटकन ओळखू येत नाहीत म्हणून पाठ करतो, असं त्यांनी तुला कळवलं होतं ना? मलाही तेच सांगितलं. मी भाकऱ्या थापायची आणि ते चुलीपाशी बसून ओळी म्हणायचे. चुकले की मी कागदात बघून सांगायची. दोघं शाळेतल्या पोरांसारखे हसायचो. मी त्यांचं खरं मानलं. म्हणजे, मानायचं होतं म्हणून मानलं.

लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा लॉरीच्या मागं कोळशाची भट्टी बसवली होती, आठवतं? तू सुट्टीत आलास आणि काजळीनं तोंड काळं करून घेतलंस. तू गेल्यावर एकदा झाकण उघडताना जाळाचा भपका यांच्या तोंडावर आला. डावी भुवई जळाली, ती महिन्याभरात पुन्हा उगवली. आम्ही सगळ्यांना भुवईचंच सांगितलं.

गेल्या बुधवारी मोटार मोकळीच फिरवून आणू म्हणाले, म्हणून मीही मागच्या बाकावर बसले. पुढच्या गावापाशी शिंप्याची अन्वरी रस्त्याच्या कडेला उभी होती. सात वर्षांची असेल. शाळेची मोटार म्हणून ती हरखून चाकाकडं धावत आली, डाव्या अंगानं. हे तसेच पुढं निघाले होते. मी "अहो" म्हणून ओरडले तेव्हा मोटार थांबली. पोर चाकापासून हातभर अंतरावर होती, आणि हसत होती. हे म्हणाले, "दिसली व्हती की मला." माझ्याशी ते कधी खोटं बोललेले नाहीत रे. घरी आल्यावर मी त्यांचा उजवा डोळा तळहातानं झाकला आणि समोर भाकरी धरली. काय आहे विचारलं. म्हणाले, "उजेड दिसतोय." मग माझा हात बाजूला करून जेवायला बसले.

जाऊ नका म्हणून मी त्यांना विनवलं. ते माझ्याशी बोलेनासे झाले, पण ओळी म्हणणं काही थांबलं नाही. आता तर एकही चूक होत नाही. ते पाठांतर मीच घेतलंय, हे मला जेवू देत नाही. पोरी रस्त्याच्या डाव्या अंगालाच उभ्या राहतात, विरुपाक्ष.

म्हणून हे पत्र. तू त्यांना पास करशील, दाजी म्हणून डोळेझाकही करशील, हे मला माहीत आहे. तसं करू नकोस. आधी उजवा डोळा झाकायला लाव, आणि छडी ओळीनं फिरवू नकोस. मधलं एखादं अक्षर दाखव, मग खालचं, मग कुठलंही. त्यांना ओळखता येणार नाही. त्या वेळी त्यांच्या तोंडाकडं बघू नकोस, तुला बघवणार नाही. त्यांनी विचारलं तर सरळ सांग की अक्कानं कळवलं. तुझ्यावर राग धरला तर ते पुन्हा तुझ्या दारात पाऊल ठेवायचे नाहीत. माझ्यावर धरला तर मी आहेच समोर, दोन्ही वेळा ताट वाढायला.

तुझीच,
शिवगंगा अक्का