लाउरीच्या गाडीवरचं प्लॅस्टिक

राइली,

बर्फफोडी बोट निघतेय, म्हणून तुला उठवलं नाही. लाउरीच्या गाडीला तू गुंडाळलेलं प्लॅस्टिक मी काढून टाकलं. चिडू नकोस. त्याच्याखाली ओल कोंडते आणि वसंत येईपर्यंत जुना पत्रा गंजून जातो. आता कापडी पांघरूण घातलंय. वरचा बर्फ मऊ झाडूने काढ, फावडं लावू नकोस.

आणि रविवारी आत बसून इंजिन चालू करतेस, ते आता पुरे. आवाज ऐकावासा वाटतो, कळतं मला. पण थोडा वेळ चालवून ते तापत नाही, आत नुसतं पाणी साचतं. हवं तर तशीच बसून राहा.

वेइक्को कुंपणावरून पुन्हा विचारेल, "गॅरेज रिकामं आणि गाडी बर्फात? डोकं फिरलंय का तुमचं?" हो म्हणावं, फिरलंय. त्या दिवशी गॅरेजचं दार मी उघडलं होतं, लाउरी आत मला सापडला, वेइक्कोला नाही.

नाताळला आपल्या पोराच्या कबरीवर मेणबत्ती तूच लाव, मी समुद्रावर असेन.

अंगणातला बर्फ काढशील तेव्हा गॅरेजच्या दारापुढचा तेवढा राहू दे.

ताइस्तो