कांद्याची नवी जात

४ फेब्रुवारी १९५५
आजपासून संशोधन. पुलगावात राहून कुणी काही करत नाही, हा समज मोडायचा. हेडमास्तर सदाशिवरावांनी शाळेचा मायक्रोस्कोप दिला. मॅट्रिकच्या वह्या तपासून झाल्या की वापरा, म्हणाले. वह्या नंतर.
नाचणगावच्या रूपरावांच्या मळ्यातला कांदा पाण्यावर ठेवला. मुळं फुटली की टोक कापायचं, रंगवायचं आणि पेशीतले क्रोमोसोम मोजायचे.

९ फेब्रुवारी
आधी चौदा भरले. मग एकोणीस. मग सोळा. पुस्तकातही सोळाच! नजर तयार झाली. पुढचं प्रकरण वाचणार नाही. दुसऱ्याचं वाचून दृष्टी बिघडते.

१६ फेब्रुवारी
त्याच मळ्यातल्या कांद्याच्या कळीतले कोवळे परागकण पाहिले. आठ! पुन्हा मोजले. आठच! मुळात सोळा नि फुलात आठ, असा कांदा जगात नसणार. नवी जात! नाव ठरलं: अच्युत कांदा. आनंदानं उडीच मारली. चहा स्लाइडवर सांडला.

१७ फेब्रुवारी
रूपराव म्हणाले, "मळा माह्या, कांदा माह्या, अन् नाव तुमचं काऊन?" शेवटी 'अच्युत-रूप' वर मिटलं. एकही कांदा उपटायचा नाही, असं त्यांना बजावलं.

२५ फेब्रुवारी
रविवारी शाळेत माझं व्याख्यान. अध्यक्ष नागपूरचे एक प्रोफेसर. कोकिळा म्हणाली, "भाषण आधी कोणाले तरी वाचून दाखवा नं." बायकोला काय सांगणार? इथं समजणारा मी एकटा.

२७ फेब्रुवारी
हॉल भरला. रूपराव फेटा बांधून, दोन बैलबंड्या भरून पाहुणे घेऊन आले. मी उत्तम बोललो. मग प्रोफेसर शांतपणे म्हणाले, सगळ्याच फुलझाडांच्या परागकणात अर्धा संच असतो. आठ परागाचे, आठ बीजांडाचे. जुळले की पुन्हा सोळा.
मॅट्रिकची शरयू उठली. "म्हणजे सर, आपणही आईबाबांचे अर्धे-अर्धे?" प्रोफेसर खूश. टाळ्या. मीही वाजवल्या, प्रश्न मीच तिच्याकडून बसवून घेतल्यासारख्या.
रूपराव दारात थांबले होते. फेटा काखेत. "मास्तर, मंग कांदे उपटू काय आता?" उपटा म्हटलं. त्यांच्याकडे बघवलं नाही.

२८ फेब्रुवारी
सदाशिवरावांनी बोलावलं. उद्यापासून सायन्स पद्माबाईंकडे, माझ्याकडे ड्रिल. तब्येतीला हवंच होतं.
जेवताना कोकिळेनं विचारलं, "म्हंजे तो साधाच कांदा होता नं?"
हो म्हटलं.