न काढलेलं धुकं

शनिवार संध्याकाळ, लालबाग, १९५७

आज परळला संयुक्त महाराष्ट्राची सभा झाली. व्यासपीठामागे माझा रायगडाचा पडदा टांगला होता! नाटक कंपनी बुडाल्यापासून तो चाळीच्या जिन्याखाली गुंडाळून पडलेला. लोक माना वर करून बघत होते. चिटणीस सावंत सगळ्यांदेखत म्हणाले, "पेंटरकाका, गडावरचं ते धुकं! असा हात आता कुणाचा नाही. पुढच्या सभेला असाच दुसरा करून द्या."

मी हो म्हणालो.

पण मी धुकं काढलंच नव्हतं. आकाश स्वच्छ निळं रंगवलं होतं. धुकं दिसलं तेव्हा मला वाटलं, माझा मोतीबिंदू. पण त्यांनाही दिसलं की! म्हणजे ओल? बुरशी? वाहवा झाली ती बुरशीची?

घरी हिला सांगितलं. "अहो, तुम्हाला ताटातली भाजी दिसत नाही, हो कशाला म्हणालात?"

कशाला? इतक्या वर्षांनी कुणीतरी मागितलं म्हणून. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

हे लिहितोय तेही अंदाजानेच. रंगाचे डबे काढलेत. निळा कुठला, हिरवा कुठला? मघापासून दोन्ही उघडून डोळ्यांशी धरतोय. दोन्हींत धुकंच आहे.