बार्बराच्या तिकिटावर

प्रिय डेझमंड,

मंगळवारी तुम्ही ऑस्ट्रेलियातून तुमच्या पणजीचं, बार्बराचं, माहेरघर शोधत माझ्या दारात आलात. मी तुम्हाला चर्चमागच्या दफनभूमीत नेलं. माझ्या आजीच्या दगडावर बार्बरा कॉइन हे माहेरचं नाव वाचून तुमचा चेहरा उतरला. "माझी बार्बरा तर तिकडे ऑस्ट्रेलियात, बॅलरटला पुरलीय. म्हणजे घर चुकलं माझं," असं म्हणालात, चहा घेतलात आणि गेलात. खरं काय ते मी सांगितलं नाही.

घर चुकलेलं नाही. सरकारी जहाजाचं फुकट तिकीट बार्बराच्या नावानं आलं होतं, पण तोवर तिचा जीव शेजारच्या होडीवाल्यात, म्हणजे माझ्या आजोबांत, अडकला होता. मग तिच्या तिकिटावर धाकटी बहीण, तुमची पणजी, गेली आणि जन्मभर बार्बरा म्हणून जगली. "जहाजाच्या सरकारी साहेबाला कळलं तर पोरीला परत पाठवतील, कुठं बोलायचं नाही," असं आजीनं बजावलं होतं. पोर जहाजात बसली त्याला ऐंशी वर्षं झाली, तरी तुमच्या हातातली नोंदवही बघून मला तो साहेबच आठवला.

निघताना तुम्ही सहज म्हणालात, "पणजीनं थोरल्या मुलीचं नाव विनी ठेवलं. कुठून आणलं कोण जाणे." तेव्हापासून मी खुशीत आहे. निदान स्वतःचं नाव तिच्या कानावर रोज पडत होतं.

हे पत्र टपालात टाकत नाही, तुमच्या हातातच देईन. तुमच्या लॉजच्या बाईकडे निरोप धाडलाय, रविवारी जेवायला या. बटाटे आणि ताजा मासा असेल. आणि ते सारखं 'मॅडम, मॅडम' सोडा. आजीनंही बहिणीचं नाव घरात ठेवलंय, नातीला.

तुमचीच,
विनी