शड्डू आणि सोफा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून सम्राटचं ट्रेनिंग. सम्राट म्हणजे आमचा कुत्रा. वय दीड वर्ष, वजन अठ्ठावीस किलो, दोष एकच. माणूस दिसला की अंगावर उडी, माणूस नसला की नव्या सोफ्यावर. सोळा तारखेला आमच्या पोरीला, निशिगंधाला, बघायला गडहिंग्लजचे पाहुणे येणार. क्रांतीने, म्हणजे आमच्या मंडळींनी, स्पष्ट सांगून टाकलं, पावण्यांच्या अंगावर गेला तर दुसऱ्या दिवशी ह्यो हातकणंगल्याला, माझ्या भावाच्या मळ्यात, कायमचा.
मी म्हटलं, तेरा दिवस खूप झाले. शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं चाळीस कामगार सांभाळले, एकही कधी अंगावर आला नाही. ती म्हणाली, बोनसच्या टायमाला आलते की. तो विषय वेगळा.

५ फेब्रुवारी, बुधवार
यूट्यूबवर एक गोरा माणूस सांगतो, कुत्र्याने उडी मारली की पाठ फिरवा. फिरवली. सम्राटने पाठीवर उडी मारली. हे परदेशी कुत्र्यांना लागू असेल. बंद.

६ फेब्रुवारी, गुरुवार
निशिगंधा नुसतं 'खाली' म्हणते आणि तो उतरतो. योगायोग. शिवाय रोज जेवायला तीच घालते, म्हणजे लाचच झाली. मला शिस्त हवी आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
मार्ग सापडला. शड्डू! तरुणपणी मी तीन वर्षं तालमीत होतो. मांडीवर असा हात बसायचा की समोरचा गडी तिथेच अर्धा गार. कुस्त्या दोनच खेळलो. एक बरोबरीत सुटली, दुसऱ्या वेळी माती ओली होती.
योजना अशी: सम्राट सोफ्यावर चढला की मी शड्डू ठोकणार, तो दचकून उतरणार, उतरला की मटणाचा तुकडा.
संध्याकाळी पहिला प्रयोग. उतरला! माझ्या छातीवर. पण सोफ्यावरून उतरला हा मुद्दा, कुठे उतरला हा तपशील. तुकडा दिला.

११ फेब्रुवारी, मंगळवार
प्रगती जोरात. आज नऊ वेळा चढला, नऊ वेळा उतरला. पूर्वी दिवसातून दोनदाच चढायचा, म्हणजे अभ्यासाची गोडी लागली. चढून माझ्या मांडीकडे एकटक बघत बसतो. आदर. अर्धा किलो मटण संपलं. क्रांती म्हणाली, तुमी त्येला शिकवालाय का त्यो तुमास्नी? दुर्लक्ष केलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
आता सोफ्याचीही गरज उरली नाही. घरात कुठेही शड्डू ठोका, सम्राट असेल तिथून धावत येऊन अंगावर हजर. छाती थोडी दुखते. बाम लावला.
निशिगंधा म्हणाली, पप्पा, तुम्ही त्याला उडी मारायलाच शिकवताय. एम.कॉम. झाली तरी पोरीला कुत्र्यातलं कळत नाही. तो हातकणंगल्याला गेला तर करमणार नाही म्हणाली. तिला. मला काय! तरी शब्द दिला, तो हातकणंगल्याला जाणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३
पाहुणे साडेअकराला आले. मुलगा अमरसिंह, वडील उदयसिंहराव. क्रांतीने सम्राटला आतल्या खोलीत कोंडलं होतं. पोहे आले. उदयसिंहराव सोफा छान आहे म्हणाले, मग मला राहवेना. ट्रेनिंग केलेला कुत्रा बघायचाय का, विचारलं. क्रांतीने डोळे वटारले. मी कडी काढली. सम्राट शहाण्यासारखा माझ्या पायाशी येऊन बसला. ऊर भरून आला. चार मिनिटं.
मग विषय कुस्तीवर गेला. कोल्हापुरात तो जाणारच. उदयसिंहराव डाव्या हातात पोह्यांची प्लेट धरून जत्रेतली जुनी कुस्ती सांगू लागले. म्हणाले, म्या मैदानात उतरलो आन् असा... आणि उजव्या हाताने फाडकन शड्डू ठोकला.
आवाज माझ्यापेक्षा चांगला होता, हे मान्य.
अठ्ठावीस किलो थेट छातीवर. पाहुणे सोफ्यावर उताणे, दोन्ही खांदे टेकलेले. पोहे पंख्यापर्यंत. सम्राटला मागे घ्यावं म्हणून मी शड्डू ठोकला. तो माझ्यावर आला. उदयसिंहराव उठता उठता मांडीवरचे पोहे झटकायला लागले, तसा परत त्यांच्यावर गेला.
तेवढ्यात निशिगंधा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रे खाली न ठेवता, आवाज न चढवता म्हणाली, सम्राट, खाली. तो बसला. मीही बसलो.
उदयसिंहरावांनी मिशीतला शेंगदाणा काढला. म्हणाले, आमच्या घरात चार गडी हायत, एक बी कुणाचं ऐकत न्हाय. पोरगी पसंत हाय.
माझं ट्रेनिंग शेवटी कामी आलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
अमरसिंहशी तासभर फोनवर बोलून निशिगंधानेही होकार दिला. अट एकच, सम्राट सोबत येणार. तिकडून लगेच हो आलं. क्रांतीने तर अट पूर्ण ऐकायच्या आधीच हो म्हणून टाकलं. मी कडाडून विरोध केला. म्हटलं, कोर्स अर्धवट आहे, मधेच विद्यार्थी हलवता येत नाही. कोणी लक्ष दिलं नाही.
असो. हातकणंगले टळलं, दिलेला शब्द पाळला. गडहिंग्लज त्याच्यापेक्षा तिप्पट लांब आहे, हे आत्ता लक्षात आलं.

२० मे, मंगळवार. दुपारी ४
परवा लग्न झालं. निशिगंधा गाडीत बसताना रडली, क्रांती रडली, माझ्या डोळ्यात अक्षता गेल्या होत्या. सम्राट मागच्या सीटवर, तोंड खिडकीबाहेर. एकदाही वळून बघितलं नाही. शिस्त.
ट्रेनिंग शंभर टक्के यशस्वी. सोफा स्वच्छ. दोन दिवसांत घरात एकही उडी नाही. कोण म्हणत होतं जमणार नाही?
मघाशी सोफ्यावर एकटाच बसलो होतो. सहज एक शड्डू ठोकला. जरा थांबलो. मग दुसरा ठोकला, जोरात.
क्रांती आतून पळत आली, काय झालं म्हणाली.
डास होता, म्हणालो.